पहिल्या दहा फुटांतच संपलेला उतार

"मॅडम, पाइपात खोट न्हाई. म्या सोता उभा राहून उतार द्यायला लावलाय. पोरीच कायबी टाकायल्यात."

अप्पांचं लातुरात कपड्याचं दुकान आहे. खाली बेसमेंटमध्ये मुलींची अभ्यासिका. तिथलं टॉयलेट सारखं चोक व्हायचं, म्हणून त्यांनी मला, इंजिनिअरला, बोलावलं होतं. दारावर अप्पांनी पाटी लावली होती : 'कचरा टाकणाऱ्या मुलीचे ॲडमिशन रद्द.'

दाराजवळ लोहा गावची एक मुलगी मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचा अभ्यास करत बसलेली. पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली. मी म्हटलं, "पाणी पी की गं, किती उकडायलंय."

ती हळूच म्हणाली, "पिलं की जावं लागतं, मॅडम. इथं कुणीच पीत नाही."

पुढं विचारायची गरज नव्हती. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. अर्धापूरहून नांदेडला कॉलेजात जायचे, तेव्हा मीही तहान मारूनच बसायचे.

"अप्पा, फरशी काढावी लागेल."

"नवी फरशी हाय, मॅडम!"

"पोरींच्या किडन्याही नव्याच आहेत."

बेसमेंट रस्त्याच्या गटारीपेक्षा खोल असतं. म्हणून मैला आधी कोपऱ्यातल्या टाकीत जातो. तिला संप म्हणतात. तिथून पंप तो वर ढकलतो. टॉयलेट ते संप तीस फूट. संपचं तोंड काँक्रीटमध्ये पक्कं, म्हणून उतारही ठरलेला : एकूण सहा इंच. चार इंची पाइपाला तेवढा पुरतो. फक्त तो सगळीकडं सारखा हवा.

फरशी निघाली. मी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घेतली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं. तिथून खाली पाइपापर्यंत टेपनं मोजायचं. पहिल्या दहा फुटांतच पाइप पाच इंच उतरला होता. पुढच्या वीस फुटांना उरला एक इंच. पाणी धावत यायचं, सपाटीवर मंदावायचं आणि मैला तिथंच बसायचा.

तिथं पाइप कापला. पॅड नाही, चिंधी नाही. नुसता मैला.

प्लंबर जफरभाई म्हणाले, "मैं बोला था, अप्पा, बराबर है. तुम बोले, और दो, और दो."

"म्हटलं, पाणी कसं सणसणीत जावं," अप्पा म्हणाले.

"गेलं की. दहा फूट."

नवा पाइप टाकताना खाली मुरूम ठोकून घेतला आणि पाच-पाच फुटांवर लेव्हल तपासली. अप्पा पुन्हा येऊन उभे राहिले. "इथं अजून जरासा..." मी नुसतं बघितलं. ते दुकानात निघून गेले.

पाटी त्यांनी गुपचूप काढली. पोरींना मात्र 'चुकलं माझं' असं काही म्हणाले नाहीत. दाराशी पाण्याचा जार तेवढा ठेवला.

महिनाभरानं पाहायला गेले, तर जार दुपारीच रिकामा. अप्पा कुरकुरले, "मॅडम, पोरी पाणी लई प्यायल्यात."

तेव्हापासून साइटवर कुणी आधी माणसाकडं बोट दाखवलं, की मी पिशवीतून लेव्हलची नळी काढते.