शोकसभेत गुणाबाई काय बोलली

हरिभाऊ गळतगेकर वारले ते एकोणीसशे तीस सालच्या माघात. निपाणीहून बोरगावकडं जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं गाव. त्या गावातून लोकल बोर्डावर निवडून गेलेला हा पहिला माणूस, आणि चौदा वर्षं तिथं टिकलेला. गावात सातवीपर्यंतची शाळा त्यांनी आणली, ओढ्यावरचा फरशी-पूल त्यांनीच खटपट करून बांधून घेतला. त्यामुळं तेरावा झाल्यावरच्या रविवारी शाळेच्या पटांगणात शोकसभा ठरली. सगळी जुळवाजुळव माझ्याकडं आली, कारण मी शाळेतला मास्तर आणि माझं अक्षर चांगलं.

बोर्डाच्या उपाध्यक्षांची चिठ्ठी आली. 'वकील आणि मेंबर लोक बोलतीलच. पण गोरगरिबांतलंही कोणी बोलावं, बाई असल्यास उत्तम. हरिभाऊंनी प्लेगात जी सेवा केली ती तिच्या तोंडून यावी. भाषण तुम्ही लिहून द्या.'

सगळ्यांनी एकच नाव सुचवलं. गुणाबाई.

गुणाबाईला मी ओळखत होतो. तंबाखूच्या खुडणीला जायची. चीक बसून तिची बोटं बारा महिने काळी. नवरा तरुणपणीच तापानं गेलेला. मुलगा अण्णाप्पा निपाणीला वखारीत कामाला होता, चांगला उंचापुरा, एकोणीस-वीस वर्षांचा. प्लेगाच्या साली तो अंगावर पिणारा होता आणि हरिभाऊंमुळं वाचला, असं गावात बोललं जाई. मी भाषण लिहूनच तिच्या घरी गेलो आणि वाचून दाखवलं. 'थोर उपकार', 'ऋणातून उतराई' असले शब्द त्यात होते.

ती चुलीपुढं बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मास्तर, तुमी गावात कवा आला?"

"पंचवीस साली."

"मग तुमास्नी ठावं न्हाय."

आणि तिनं सांगितलं. त्या साली कार्तिकात उंदीर पडायला लागले. हरिभाऊ तेव्हा बोर्डावर नव्हते, गावच्या प्लेग कमिटीत होते. घरोघर फिरून त्यांनी माणसं बाहेर काढली, माळावर झोपड्या घालायला लावल्या, मोकळ्या घरांची कौलं उतरवून आत ऊन सोडलं. गुणाबाई दोन पोरांना घेऊन माळावर गेली. मालू सहा वर्षांची आणि अण्णाप्पा सहा महिन्यांचा. चौथ्या दिवशी मालूला ताप भरला, काखेत गाठ आली. हरिभाऊंनी तिला उचलून ओढ्यापलीकडं आजाऱ्यांच्या झोपडीत न्यायला लावलं.

"मी मागनं पळत गेलतो. तर ह्यो मानूस काठी आडवी धरून हुबा. म्हनला, तुझ्या अंगावर पितं पोर हाय. पलीकडं गेलीस तर दोन्ही जातील. मी पाय धरलं त्येचं. शिव्याबी दिल्या. लई वंगाळ दिल्या. न्हाय सोडलं."

"मग?"

"मग काय. ओढ्याच्या अलीकडं बसलतो दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सांगितलं, गेली म्हनून. त्वांड दाखवलं न्हाय. आनि अण्णाप्पाला कायबी झालं न्हाय. आता तुमीच सांगा, त्येनं माझं पोर वाचवलं म्हनू, का माझं पोर न्हेलं म्हनू?"

मी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला. उपाध्यक्षांना नकार कळवून टाकू, असा विचार करून उठलो, तर तीच म्हणाली, "पोराकडं बघितलं की वाटतंय, भला मानूस. आनि जरा येळानं मालू आठवली की त्येचं नाव नको वाटतंय. एका दिसात तीनतीनदा असं हुतंय, मास्तर. मालूजवळ शेवटाला कोन हुतं तेवढं कळू द्या. मग बोलीन. काय ते बोलीन."

त्या झोपडीवर राखणीला परशराम होता. आता थकलेला, डोळ्यांत मोती पडलेले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, "हरिभाऊच हुता की! पोरीचं डोस्कं मांडीवर घेऊन बसलता, जीव जाईस्तवर. मीच तांब्या भरून दिलता."

गुणाबाई त्याच्यापुढं सरकली. "एकुनीस वरसं झाली. मला कवा सांगितलं न्हाईस रं?"

"तू कवा इचारलंस गं? माझ्याकडं बघत तरी हुतीस का?"

ते खरंच होतं. ती त्याच्या दारावरूनसुद्धा जात नसे.

तिथून ती तडक हरिभाऊंच्या घरी निघाली. मेलेल्या माणसाचे पाय धरता येत नाहीत, निदान त्याच्या बायकोचे धरू, असं म्हणत होती. हरिभाऊंची बायको अक्काताई सोप्यात बसली होती. गुणाबाई पायाशी वाकली आणि परशराम काय म्हणाला ते सांगितलं. अक्काताईनं तिला खांद्याला धरून उठवलं.

"गुणा, तुला बरं वाटावं म्हणून मी व्हय म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण तुझी पोर गेली तेव्हा हे बेळगावात होते. लस आणायला गेले होते. तुळशीचं लगीन मी यांच्याशिवाय लावलं त्या साली. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तुझी पोर गेल्याचं मीच सांगितलं. जेवले नाहीत."

"मग परशा खोटं बोलतोय व्हय?"

"तसं नाही. त्या झोपडीत बऱ्याच पोरी होत्या. यांनी मांडीवर घेतली असेल, पण ती दुसऱ्या कुणाची असेल."

आम्ही पुन्हा परशरामाकडं. मीच विचारलं, "ती मालूच होती, हे नक्की?"

तो गोंधळला. "पोरगी हुती. एवढीशी. हिरवा परकर, खालनं फाटलेला."

मी गुणाबाईकडं बघितलं. ती खाली बसली आणि जमिनीवर बोट फिरवत राहिली, जणू तिथं कुठं दिसेल. "मास्तर," ती म्हणाली, "मला परकराचा रंगच आठवंना."

रविवारी पटांगण भरून गेलं. निपाणीचे वकील तासभर बोलले. त्यांनी हरिभाऊंना वटवृक्ष म्हटलं, दीपस्तंभ म्हटलं. मेंबर बोलले. मग उपाध्यक्षांनी गुणाबाईचं नाव पुकारलं. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कुणालाही नमस्कार न करता बोलायला लागली.

"मास्तरांनी मला लिहून दिलतं, त्ये मी घेतलं न्हाय. हरिभाऊनं माझी लेक ओढ्यापलीकडं न्हेली. मला जाऊ दिलं न्हाय. माझा ल्योक ह्यो तिथं बसलाय. परशा म्हनतोय, हरिभाऊ लेकीजवळ बसलता. अक्काताई म्हनती, त्यो बेळगावात हुता. दोघंबी खोटं बोलनारी न्हाईत. परशानं हिरवा परकर बघितला. माझ्या मालूचा परकर हिरवा हुता का, मला आठवत न्हाय. हितं कुनाला आठवतंय का? आठवत असंल तर सांगा. त्यावर हाय माझं बोलनं."

कुणी टाळी वाजवली नाही. वकील माझ्याकडं रागानं बघत होते. मला वाटलं, आता तिला खाली बसवावं. इतक्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. "माझ्या विठीचा हिरवा हुता गं."

"आमच्या तानीचाबी," दुसरी म्हणाली. "त्या साली बाजारात हिरवंच कापड आलतं."

मग बायका उठतच गेल्या. कुणाची विठी, कुणाची तानी, कुणाचा थोरला. पुरुषांतूनही नावं यायला लागली. वीस वर्षं गावानं जी नावं तोंडातून काढली नव्हती ती सगळी त्या दुपारी निघाली. कुणी म्हणे, हरिभाऊनं माझ्या बापाला खांदा दिला. कुणी म्हणे, आमचं घर उघडं टाकलं आणि पावसानं भिंत पडली. उपाध्यक्ष टेबलावर हात आपटत होते. अक्काताई उठून गुणाबाईजवळ जाऊन बसली. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती, पण नवऱ्यासाठी की त्या पोरांसाठी, ते कोण सांगणार? शेवटी कसाबसा दुखवट्याचा ठराव वाचला आणि सभा मोडली.

इतिवृत्त मी लिहिलं. 'गुणाबाई यांनी आपला अनुभव सांगितला.' उपाध्यक्षांनी ते खोडून 'कृतज्ञता व्यक्त केली' असं घातलं. मी विरोध केला नाही. ते पूर्ण खोटं होतं असं आजही मला म्हणता येत नाही.

अण्णाप्पा मात्र दुखावला. त्या संध्याकाळी तो आईला म्हणाला, "मी जित्ता हाय, ते तुला कमी पडलं व्हय?" तो निपाणीला गेला आणि महिनाभर फिरकला नाही. पाडव्याला आला तेव्हा सोबत हरिभाऊंची तसबीर होती, काच लावलेली. आईला न विचारता त्यानं ती सोप्यात खिळ्यावर टांगली. माझं त्यांच्याकडं जाणंयेणं पुढंही राहिलं. त्रेचाळीस साली गुणाबाई गेली, तोपर्यंत ती तसबीर तिथंच होती. तिनं कधी हार घातला नाही आणि काढूनही टाकली नाही. कधी पदरानं काच लख्ख पुसलेली असे, कधी महिनामहिना धुरानं काळी. कधी पुसायची आणि कधी नाही, याचा मेळ मला कधीच लागला नाही.