सोयरे, तलवार आणि पोरीची खुर्ची

आमच्या साळेबुवांचे जाहीर आभार मानायची पाळी माझ्यावर येईल, असं लग्नाच्या सव्वीस वर्षांत मला कधी वाटलं नव्हतं. ते अकोल्याचे, मी अमरावतीचा. जठारपेठेत त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, आणि माणसाशीही ते जळालेली मोटर आल्यासारखेच वागतात. आधी झाकण काढायचं, मग आत काय जळालं ते तोंडावर सांगायचं. यंदा त्यांनी माझं झाकण काढलं.

आमची मुलगी पुण्याला नोकरीला होती. दिवाळीला आली ती परत गेलीच नाही. नोकरी सोडली, एवढंच कळलं. का सोडली, ते ना तिनं सांगितलं ना आम्हाला विचारायचं धाडस झालं. चार महिने आमचं घर तिच्या तीन शब्दांवर चाललं: हो, नाही, बघू. मी पेशानं भूगोलाचा मास्तर आणि सवयीनं घराण्याचा गोष्टीवेल्हाळ. लग्न असो की तेरवी, माझ्याभोवती चार जण जमतातच. तेव्हा घरातल्या शांततेवर मी मला येत असलेला एकमेव उपाय केला. मीच बोलत राहिलो. ती ताटावर बसली की एक गोष्ट, उठली की दुसरी. पोरीचं जेवण दिवसेंदिवस लवकर आटपायला लागलं, ते का, हे मला तेव्हा कळलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी साळेबुवा आले. भाचीच्या टेबलावर त्यांना रंगीत फासे दिसले.

"हे काय हाये बेटा? याले तर लय बाजू हायेत."

"वीस आहेत मामा. खेळ असतो एक."

"मंग शिकव ना मले. मी का म्हातारा झालो?"

आणि पोरगी बोलायला लागली. या खेळात पट नसतो, सोंगट्या नसतात. एक जण खेळ चालवतो, म्हणजे तुम्ही कुठं आहात, समोर काय आहे, ते सांगतो. बाकीचे आपापलं पात्र घेतात आणि मी आता काय करतो ते बोलतात. जमेल की नाही अशी शंका आली, की फासा टाकायचा. पुण्याला तिच्या मैत्रिणींमध्ये हा खेळ तीच चालवायची. दिवाळीनंतर एका दमात इतकी वाक्यं आम्ही ऐकली नव्हती. आमच्या सौभाग्यवती हातातलं अर्धं सोललेलं संत्रं तसंच धरून उभ्या राहिल्या.

झालं, दुपारी बैठक बसली. साळेबुवा योद्धा झाले. सौ. वैद्यबाई झाल्या. मी वाट दाखवणारा झालो, कारण नकाशा म्हटलं की मास्तराचा हात वर जातोच.

डोंगरातल्या पुलावर पोरीनं एक लुटारू उभा केला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. साळेबुवांनी फासा मुठीत घेऊन त्यावर फुंकर मारली. तेवढ्यात सौ. पुढं सरकल्या.

"मी त्याले विचारते, भाऊ, गाव कोणतं तुमचं?"

पोरगी गडबडली. वही उलटसुलट केली. "अं... वरूडकडचा आहे तो."

"वरूडात कोणाकडचे?"

आता आमच्याकडं हा प्रश्न एकदा निघाला, की माणूस सुटत नाही. पाच मिनिटांत तो लुटारू सौं.च्या चुलत मावशीच्या दिराचा मेहुणा निघाला. पोरीचाही इलाज चालेना, कारण प्रत्येक उत्तर तीच देत होती आणि प्रत्येक उत्तरातून नातं निघत होतं.

"मंग तर हे आपलेच झाले," सौ. म्हणाल्या. "सोयऱ्यावर कोणी तलवार उचलते का?"

"ताई, तो लुटारू हाये ना वं!" साळेबुवा ओरडले. "मी घंटाभरापासून तलवारीले धार लावून राहिलो, अन् तू त्याले मावशीची खुशाली विचारून राहिली!"

"तुले मारामारीच पायजे तर पुलाचे कठडे तोड."

लुटारूनं आमच्या पिशव्या उचलल्या आणि तो आमच्यासोबत निघाला. पोरगी हसली. आधी नुसती ओठांत, मग टेबलावर डोकं टेकवून. मी सौं.कडं पाहिलं, तर त्या घाईघाईनं संत्र्याच्या बिया वेचत होत्या.

पुढच्या रविवारी तिनं मामासाठी सहा लांडगे आणले. नात्यागोत्याचा प्रश्न येणार नाही असं काहीतरी हवं होतं, असं ती म्हणाली. साळेबुवांनी पाच मारले. सहाव्याच्या पायात काटा होता, तो सौं.नी काढला आणि त्याला भाकर घातली. दोघंही खूश. ज्याला जे हवं ते पोरगी आठवडाभर हेरून ठेवायची आणि रविवारी पानात वाढल्यासारखं वाढायची. सोमवारपासून तिच्या खोलीत वही उघडी दिसायला लागली. आता ती आपण होऊन चहाला बाहेर यायची.

राहिलो मी. मला काय हवं होतं, ते तिसऱ्या रविवारी सगळ्यांना दिसलं.

त्या दिवशी आम्ही एका कोरड्या विहिरीत उतरलो. तळाशी दार होतं. पोरीनं आवाज खाली आणला, वहीवर हात ठेवला आणि म्हणाली, "दार आतून बंद आहे. कान लावला तर पलीकडं कोणाचा तरी श्वास..."

"थांब, मी सांगतो!" मी म्हणालो.

आणि सांगितलं की! आत एक म्हातारा राजा, त्याला भावानं कोंडलेलं, त्याच्या मुंडाशात जहागिरीचा कागद. मग त्या भावाची गोष्ट, मग भावाच्या घोड्याची. पंधरा-वीस मिनिटं मी असा रंगलो होतो की घोड्याचं खिंकाळणंसुद्धा करून दाखवलं. कोणी हसलं नाही म्हणून वर पाहिलं. पोरीनं वही मिटली होती.

"झालं मग," ती म्हणाली. "सगळं तुम्हीच सांगितलं बाबा." आणि खोलीत गेली.

स्वयंपाकघरात सौं.नी मला गाठलं. "पोट्टी चार महिन्यांनी बोलून राहिली होती. तुमाले दोन घंटे धीर निघाला नाई?"

"अगं, मी तिला मदतच करत होतो."

"तिनं मागतली होती का?"

सोमवारी घरात पुन्हा हो, नाही, बघू. मंगळवारी ती चहाला आली नाही. बुधवारी वही टेबलावरून गेलेली दिसली. मी शाळेत नववीच्या वर्गाला दोनदा तीच नदी शिकवली. मुलांनी काही म्हटलं नाही, हे त्यांचे उपकार.

गुरुवारी साळेबुवांचा फोन आला. मी आधीच सफाई द्यायला लागलो, तर म्हणाले, "भाऊजी, थांबा जरा. मले खेळात मारामारी पायजे. ताईले सोयरे पायजे. तुमाले काय पायजे सांगू का? तुमाले तिची खुर्ची पायजे. येवढं मोठं घराणं तुमचं आयकते, मंग पोरीच्या खुर्चीवर काहून बसता बावा?"

मी चिडलो. फोन ठेवल्यावरही बराच वेळ चिडलेलाच होतो. पण चिडताना मनातल्या मनात मी त्यांना उत्तर म्हणून एक गोष्टच रचत होतो, हे ध्यानात आलं आणि माझं मलाच कसनुसं झालं.

संध्याकाळी पोरीच्या दारात जाऊन उभा राहिलो. "आम्ही लहान असताना..." अशी सुरुवात तोंडातून निघालीच. ती गिळली आणि म्हणालो, "माझं चुकलं. रविवारी मामाकडं जाऊ. तू खेळ चालव. मी नाही बोलणार."

"बघू," ती म्हणाली.

शनिवारी माझ्या चष्म्याखाली एक कागद ठेवलेला सापडला. माझं नवं पात्र. कंदील धरणारा हमाल. बळ भरपूर. खाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं: मुका.

"हा बोलतच नाही?" मी विचारलं.

"नाही."

"खुणा तरी?"

तिनं विचार केला. "एका बैठकीत तीन."

अकोल्याला दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही बसलो. पहिली खूण मी पाच मिनिटांत वाया घालवली, चहात साखर कमी आहे हे सांगण्यात. "ती पण धरली," पोरगी म्हणाली. दुसरी साळेबुवांनी मुद्दाम डिवचून काढून घेतली. मग मात्र बसून राहिलो. बोलायचं नसलं की माणसाचं लक्ष कुठं कुठं जातं! तिचं बोलणं मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. नवीन काही सांगण्याआधी ती अंगठ्यानं वहीचा कोपरा दुमडते. मामाचा फासा वाईट पडला की तिचाच चेहरा आधी उतरतो.

पुन्हा तीच विहीर, तेच दार. माझा राजा तिनं सरळ रद्द केला. दार उघडलं. आत एक पहारेकरी दाराला पाठ लावून उभा होता. इतका काळ उभा, की कशावर पहारा द्यायचा तेच तो विसरला होता.

साळेबुवांनी तलवार काढली, पण फासा काही उचलला नाही. सौं.नी नेहमीचा प्रश्न विचारला, "गाव कोणतं बाबू तुमचं?"

"आठवत नाही म्हणतो," पोरगी म्हणाली.

गावच नाही म्हटल्यावर सौं.ना पुढं जाता येईना. खाली दुकानात कोणीतरी हाक मारत होतं, साळेबुवा उठले नाहीत. माझी एक खूण शिल्लक होती. मी कंदील खाली ठेवल्यासारखं केलं आणि जमिनीवर बसल्यासारखं केलं.

"त्याच्याजवळ बसता?" तिनं विचारलं. "बस, एवढंच?"

मी मान हलवली.

तिनं वहीत पाहिलं. वहीत बहुधा काही नव्हतं. अंगठ्यानं कोपरा दुमडला आणि म्हणाली, "मग तोही बसतो."

परतीला मूर्तिजापूरला चहा घेतला. सौ. मागच्या सीटवर आडव्या झाल्या, पोरगी माझ्या शेजारी बसली. गाव मागं पडलं आणि ती म्हणाली, "पुण्यात ना बाबा, ऑफिसात मी..."

पुढचं तिचं आहे. ते मी इथं लिहिणार नाही आणि लग्नकार्यात कोणी विचारलं तरी सांगणार नाही. ती बोलत होती आणि माझ्या जिभेवर किमान तीन गोष्टी आल्या, तिन्ही तिच्या दुःखाला चपखल बसणाऱ्या. मी गिअर बदलले. बडनेरा गेलं, तिचं बोलणं चालूच होतं. आमची गल्ली आली, घराचा दिवा दिसला, ती अजून मधल्याच कुठल्यातरी महिन्यात होती. मी गाडी न थांबवता पुढच्या चौकातून वळवली आणि पुन्हा मोठ्या रस्त्याला घातली. मागं सौ. केव्हाच्या जाग्या होत्या. घर मागं का गेलं, हे त्यांनी विचारलं नाही.