अक्काचे एकशेबारा उल्लेख

आमच्या अक्काचं नाव म्हाळसा. पुण्याच्या प्रयोगशाळेतले साहेबलोक हे नाव ऐकून आधी हसायचे आणि तिचं काम पाहून गप्प बसायचे. शरीर रोगाशी कसं लढतं, हा तिचा विषय. सणसरच्या मेंढपाळाची पोर तिथवर पोचली याचं गावाला कौतुक. मला मात्र तिचं काम म्हणजे दर आठवड्याची कटकट, कारण तिला लागायचं मेंढराचं रक्त आणि ते पोचवायचो मी.

उंदराला मेंढराचं रक्त टोचायचं आणि त्या परक्या रक्ताशी त्याचं अंग किती जोरात झुंजतं ते मोजायचं, असा तो प्रकार. विकतच्या रक्तावर तिचा भरवसा नव्हता. कालव्याचं पाणी आल्यावर आमचे वडील, गेणूतात्या, कळप विकून उसात शिरले होते, पण पाच मेंढरं त्यांनी हट्टानं ठेवली होती. त्यातला काळतोंड्या नावाचा मेंढा अक्कानं निवडला. "तात्या, दर खेपेला ह्याचंच रक्त पायजे. मेंढरू बदललं की आकडा बदलतो," असं तिनं बजावलं होतं. गुरांच्या दवाखान्यातले अप्पा मानेतून बाटलीभर रक्त काढायचे आणि ती बर्फात घालून मी सकाळच्या एसटीनं पुणं गाठायचो.

शास्त्रज्ञाची किंमत कशावर ठरते, हे मला तिनंच सांगितलं. लेख किती छापले आणि दुसऱ्यांनी आपल्या लेखांत त्यांचा उल्लेख किती वेळा केला, यावर. पंचाण्णव सालापर्यंत अक्काचे एकोणीस लेख झाले होते. त्यातल्या अठरांना कुणी फारसं विचारलं नाही. नव्वद सालच्या एका लेखानं मात्र कमाल केली. उपाशी उंदराचं अंग निम्म्याच जोरानं झुंजतं, असं त्यात होतं. परदेशातसुद्धा तो लोकांनी उचलून धरला. त्याच जोरावर विभागप्रमुखाची जागा तिला मिळणार, हे ठरल्यातच जमा होतं.

त्या दिवाळीला ती घरी आली आणि ओसरीवर टेकताच म्हणाली, "तात्या, एकशेबारा जणांनी माझ्या लेखाचा दाखला दिलाय. त्याच्या भरवशावर म्होरलं काम करत्यात."

तात्यांचा चेहरा फुलला. "बिरोबाची किरपा. नवस फेडल्याचं फळ हाय."

"कसला नवस?"

"ह्या लेखाच्या आदल्या साली तुजं परदेशात पयल्यांदा छापून आलं, त्या वैशाखात काळतोंड्या दिला की देवाला. देवाला काय दुय्यम जनावर द्यायचं व्हय?"

अक्का दचकली. "मग त्याच्या माघारी रक्त कुणाचं दिलं?"

"त्याच्या जुळ्या भावाचं. एका आईची लेकरं, रगात तेच की!"

तात्यांनी लबाडी केली नव्हती. सख्ख्या भावांचं रक्त एकच, यात आमच्याकडं शंका कोण घेतो? आणि मला तरी कुठं माहीत नव्हतं? नवसाच्या जेवणाला दोन ताटं मटण मी हाणलं होतं, अन् पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मेंढ्याची बाटली मुकाट्यानं पुण्याला नेली होती. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय!

अक्का तारखा आठवत बसली. पिंजरे कमी, म्हणून दोन मोजण्या तिनं एकापाठोपाठ एक केल्या होत्या. पोटभर खाणाऱ्या उंदरांची वैशाखाआधी, उपाशी उंदरांची वैशाखानंतर. मग फरक उपासाचा होता की मेंढ्याचा, कोण सांगणार?

"आपल्याबिगर कुणाला ठावं हाय?" मी म्हणालो. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी बढती घे, मग बघू."

"आन् त्या एकशेबारा जणांना काय सांगू?" एवढंच ती बोलली.

पुण्याला जाऊन तिनं सगळा प्रयोग नव्यानं केला, एकाच मेंढ्याच्या रक्तावर. तीन महिने लागले. फरक जवळपास उरलाच नाही.

फेब्रुवारीत ती पुन्हा आली ती मासिकाला धाडायचं पत्र घेऊनच. इंग्रजीतला मजकूर तिनं आम्हाला मराठीत सांगितला. लेख मागे घेत आहे, मेंढा बदलल्याचं माझ्या लक्षात आलं नाही, दोष सर्वस्वी माझा. या पत्रानं तिची जागा हातची जाणार, हे तात्यांनाही कळत होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माजं नाव कुठं हाय ह्यात?"

"तुमचं कशाला, तात्या?"

"चूक मी केली आन् नाव तुजं? माजं घाल. लोकांस्नी कळू दे, माज्या पोरीनं लबाडी केली न्हाय."

अक्काला रडू आवरेना. एकोणीस लेखांखाली तिनं सरकारचे, संस्थेचे, वरच्या साहेबांचे आभार मानले होते. सात-आठ वर्षं रक्त पुरवणाऱ्या बापाचं नाव एकदाही आलं नव्हतं आणि त्यांनीही ते कधी मागितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मागितलं ते चुकीखाली.

तिनं पेन घेऊन शेवटी एक ओळ वाढवली आणि वाचून दाखवली: ‘मेंढा बदलल्याचे माझे वडील गेणू, मेंढपाळ, सणसर, यांनी आपणहून सांगितले.’

"नुसतं सांगितलं न्हाय," तात्या म्हणाले. "बदलला बी त्यांनीच, आसं लिव."

तिनं तेही लिहिलं.