सहा पायल्या मोह आणि स्क्रीनवरचे किलो

"बाई, तुमच्या गटाचा मोह आजपासून बंद," असे विलासभाऊंनी सांगितले, तेव्हा रत्नाबाई मडावी तिसरे पोते गाडीतून खाली उतरवत होत्या. त्यांच्या बचत गटाच्या आणखी चार बाया सोबत होत्या. मी तेथे उभा होतो. हे आधीच नमूद करतो, कारण आज चंद्रपुरात हा प्रसंग जे रंगवून सांगतात, त्यांपैकी एकही जण तेथे नव्हता.

माझी सारी नोकरी बिअरच्या कारखान्यांत रसायनतज्ज्ञ म्हणून झाली. निवृत्त होऊन बल्लारपूरला घरी बसलो होतो. विलासभाऊंनी परवाना काढून आपल्या हॉटेलमागे छोटी ब्रुअरी टाकली आणि मला सल्लागार नेमले. मोहफुलाची बिअर ही कल्पना माझी. ती आपली असल्याचे ते पाहुण्यांना सांगतात. सांगोत.

बिअरची पहिली पायरी सोपी असते. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, गरम पाण्यात भिजवतात. त्याची गोडी पाण्यात उतरते. आम्ही त्यात वाळलेली मोहफुलेही घालत होतो. मग हायड्रोमीटर नावाची काचेची नळी त्यात सोडायची. गोडी जितकी जास्त, तितकी ती वर तरंगते. पुढे यीस्ट ही गोडी खाऊन तिचे अल्कोहोल करते. म्हणून पहिलाच आकडा चुकला, तर बिअर पाणचट होते.

हे गणित मी वहीत करीत असे. येथे आमची ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारी मुलगी, प्रणाली रामटेके ते लॅपटॉपवर करते. सॉफ्टवेअरमध्ये रेसिपी भरली, की गोडी किती यायला हवी ते स्क्रीन सांगते. मी सॉफ्टवेअरचा शत्रू आहे अशी एक अफवा आहे. ती खोटी आहे. न वाचता ओके दाबणाऱ्यांशी मात्र माझे पटत नाही.

मोहाच्या तिन्ही बॅच फसल्या होत्या. स्क्रीन म्हणे गोडी तेरा अंश, नळी दाखवी साडेदहा.

"नुसत्या माल्टच्या बिअरचे आकडे जुळतात," विलासभाऊ मला म्हणाले. "मोह टाकला का बिघडते. मंग खोट मोहातच आहे ना सर? जुना माल खपवून राह्यल्या ह्या बाया. नाई तं रेती मिसळून राह्यल्या."

"रेती असती तर टाकीच्या तळाला सापडली असती. सापडली का?"

"मंग सॉफ्टवेअर खोटं बोलते काय?"

"सर, मी तीनदा एन्ट्री चेक केली," प्रणाली म्हणाली. "सॉफ्टवेअर बराबर आहे."

रत्नाबाईंनी पोत्याचे तोंड सोडले. एक फूल स्वतःच्या तोंडात टाकले आणि दुसरे विलासभाऊंपुढे धरले.

"खाऊन पाहा भाऊ."

"मले नाई खायचं."

"काऊन? पाहुण्यायले पाजता, आन् तुमाले चालत नाई? अंधारात उठून जंगलात जातो आमी. वाघाच्या भेवानं पाच जणी संगं वेचतो. रेतीच इकायची असती, तं नाल्यातून आणली असती ना. तिथी वाघ तरी कमी."

बाया हसल्या. रत्नाबाई हसल्या नाहीत. मोसमभर वेचून वाळवलेला गटाचा सगळा मोह आमच्यासाठी राखून ठेवला होता. परत नेला असता, तर चोरीचा डागही त्याच्यासोबत गावात गेला असता.

मी फूल खाल्ले. ते उत्तम होते. मग प्रणालीला विचारले, "टाकीत मोह घालताना वजन करतेस?"

"नाई सर. सहा पायल्या टाकतो. रत्नाबाईच मोजून देतात."

आमच्याकडे अजून धान्य पायलीने मोजतात. पायली हे माप आहे, वजन नव्हे. रत्नाबाईही पहिल्या पायलीला एक न म्हणता 'लाभ' म्हणत आणि पुढे दोन, तीन असे मोजत. त्यात काही चूक नव्हती.

"पण सॉफ्टवेअरला पायली कळते कुठे?"

"नाई कळत. म्हणून मी नवीन युनिट बनवलं. एक पायली म्हणजे साडेतीन किलो."

"हे कोणी सांगितले?"

प्रणालीने विलासभाऊंकडे पाहिले.

"आमच्या घरी पायली साडेतीन किलोचीच असते," विलासभाऊ म्हणाले.

"कशाची?"

"तांदळाची. अजून कशाची राहील?"

मी काटा मागवला. तो माल्टच्या खोलीत, दहा पावलांवर होता. माल्ट रोज त्यावर मोजले जाई. मोहाचे किलो स्क्रीनवर आयतेच दिसत, म्हणून तो कोणी तिकडून हलवला नव्हता. रत्नाबाईंनी पायली भरून काट्यावर रिकामी केली. वाळलेले फूल हलके, मध्ये पोकळी. दोन किलोच भरले. स्क्रीन एकवीस किलोंची गोडी मागत होती आणि टाकीत बारा किलो मोह जात होता.

पुढची बॅच वजनाने घातली. स्क्रीन तेरा, नळी तेरा.

आता लोकांच्या कहाण्या. विलासभाऊ सांगतात, सॉफ्टवेअरने भेसळ पकडली आणि त्यांनी बायांना सुधारले. भेसळ नव्हतीच. बाजारात सांगतात, म्हाताऱ्याने कॉम्प्युटरला हरवले. तेही खोटे. कॉम्प्युटरचे गणित पहिल्या दिवसापासून बरोबर होते.

राहिली एक गोष्ट, जी कोणीच सांगत नाही, कारण ती प्रणालीखेरीज कोणाला ठाऊक नाही. 'मोहफूल सहा पायल्या' हे मूळ रेसिपीत माझ्याच अक्षरात आहे. पहिल्या बॅचआधी सॉफ्टवेअरमधल्या नोंदींचा कागद प्रणालीने माझ्यापुढे ठेवला होता. साडेतीन किलोचा आकडा त्यावर स्पष्ट छापलेला होता. खाली माझी सही आहे. मी तो वाचला नव्हता.

वजन झाले त्या दिवशी विलासभाऊ रत्नाबाईंना ऑफिसात बोलावू लागले. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"चोर म्हटलं ते ह्या चौघींसमोर. आता आत कायले नेता?"

विलासभाऊंना अंगणातच माफी मागावी लागली. पुटपुटले, पण बोलले. रत्नाबाई मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुमी तं जाणकार. तीन खेपा झाल्या, काटा आधी काऊन नाई आणला?"

मी एवढेच शिकलो, की कोणावर आळ घेण्याआधी दहा पावले चालून काटा आणावा आणि सही करण्याआधी कागद वाचावा. हल्ली मोह आला, की काटा मी स्वतः उचलून आणतो. तो जड आहे.