शिवलेला शेवट

जगात वाईट माणूस नसतोच, त्याची पहिली दहा पानं आपण वाचलेली नसतात एवढंच, असं मनापासून मानणारा एकच मनुष्य मी आजवर पाहिला, आणि ते माझे सख्खे मामा निघाले. ही दहा पानं म्हणजे दरोडेखोरांच्या कादंबऱ्यांतली. त्या पानांत नायक साधा, कष्टाळू, आईचा लाडका असतो. मग गावातला कुणी बडा माणूस त्याच्यावर जुलूम करतो आणि अकराव्या पानावर तो बंदूक घेऊन डोंगरात जातो. आमच्या डोंगरकडा गावच्या वाचनालयात, म्हणजे चावडीशेजारच्या एका अंधाऱ्या खोलीत, अशा साठेक कादंबऱ्या होत्या. बाकीची पुस्तकं संतांची आणि शेतीची. मामा तिथले ग्रंथपाल, शिपाई आणि बहुतेक दिवशी एकमेव वाचक. त्यांनी जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं, पण डोळ्यांवर चष्मा आणि हातात पुस्तक एवढं पाहून सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणायचा.

दहा पानांचा नियम ते घरीदारी लावत. मांजरीने दूध सांडलं की "तिच्यावर काय प्रसंग आला असंल" असं ते आधी म्हणत, आणि मामी म्हणायची, "तुमी इचारपूस करा, तवर मी झाडू आणते." एकदा त्यांच्याच आंब्यावर चढलेला एक बाप्या त्यांच्या हाती लागला. त्याला खाली उतरवून, पाणी पाजून मामांनी विचारलं, "कोण जुलूम केला तुझ्यावर? भिऊ नको, सांग." तो गोंधळला. "कोणीच न्हाई जी. आंबे पाडाला आले होते, म्हणून." एवढ्यावर सोडतील तर ते मामा कसले! सासरा, भावकी, तलाठी, एकेकाचं नाव घेऊन विचारणा झाली. तासाभराने तो माणूस कंटाळून म्हणाला, "व्हय, चुलत्यानं लई तकलीफ दिली." तेव्हा कुठे त्याची सुटका झाली, तीही धोतराच्या सोग्यात आंबे घेऊन. पुढचे आठ दिवस मामा त्या निरपराध चुलत्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या या मायेतून फक्त पुढारी वगळलेले असत. हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास गावोगावी फलक लागले होते आणि प्रत्येक फलकावर कुणीतरी वाघ किंवा कैवारी हात जोडून उभा होता. त्यांतल्याच एका कैवाऱ्याने वाचनालयाला लोखंडी कपाट दिलं. कपाटापेक्षा त्यावरचं नाव मोठं होतं. सत्काराला तीन भाषणं झाली, तिन्हींत त्याला गरिबांचा वाली म्हटलं गेलं. मी मामांना हळूच विचारलं, "यांची पहिली दहा पानं?" मामा शाल सावरत म्हणाले, "फाडून टाकलेली हायेत. मी शोधली."

पण मामांचं खरं राज्य दुपारचं. उन्हाळ्यात हळदीची कामं आटोपली की चावडीपुढच्या कडुलिंबाखाली दहापंधरा माणसं जमत आणि मामा कादंबरी वाचून दाखवत. तांड्यावरची दोघंतिघं येत, पाराजवळच्या दुकानातला न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून येई. रोजचे श्रोते म्हणजे सटवाजी, एक म्हातारे धनगर. खांद्यावर घोंगडी, मेंढ्या पलीकडच्या सावलीला बसवलेल्या आणि हातात चाती. त्या चातीवर ते काळी लोकर कातत ऐकत. गोष्ट कुठे आली हे चाती बघून कळायचं. नायक घेरला गेला की ती थांबायची.

आणि नायक घेरला गेला की मामाही थांबायचे. पुस्तक मिटून म्हणायचे, "पुढचं वाळवीनं खाल्लं."

"मंग सुटला का, गुरुजी?" सटवाजी विचारत.

"घोडा चांगला होता. सुटला असंल."

आमच्या वाचनालयातली वाळवी अशी कशी, की साठही कादंबऱ्यांचं फक्त शेवटचं प्रकरण खाते, हा प्रश्न मला कॉलेजात गेल्यावर पडला. सुट्टीत धूळ झटकायला म्हणून पुस्तकं खाली काढली. पानं धडधाकट होती. प्रत्येक कादंबरीचं शेवटचं प्रकरण मात्र कडेने पांढऱ्या दोऱ्याने शिवून बंद केलेलं होतं. टाके वाकडे, उशीच्या अभ्र्याला पुरुषमाणूस घालेल तसले.

"हे काय, मामा?"

"वाळवी," मामा मान वर न करता म्हणाले. मग माझ्या हातातलं पुस्तक काढून घेत म्हणाले, "समद्यात शेवटी मारतेत रे त्याला. गोळी घालतेत न्हाईतर फाशी देतेत. सटवाजी समोर बसून ऐकत असतो. त्याचा भाऊ अजून नदीतच हाय. मी कसा मारू त्याला?"

सटवाजींच्या थोरल्या भावाची हकीकत गावात सगळ्यांना ठाऊक होती. निजामाच्या काळात पैनगंगा ही सरहद्द होती आणि तिच्या नाक्यावर शिपायाने यांच्या मेंढ्या अडवल्या. भावाने त्याच्या डोक्यात काठी घातली आणि पुराच्या पाण्यात उडी टाकली. पलीकडे वऱ्हाड, तिथे निजामाचा शिपाई येऊ शकत नव्हता. काठावरून बंदुकीचे आवाज झाले एवढंच धाकट्या सटवाजींनी ऐकलं. भाऊ पलीकडे पोचला की नाही, हे पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. शेवट माहीत नसलेली ती एकच गोष्ट म्हातारा निरनिराळ्या पुस्तकांतून ऐकत होता.

त्याच उन्हाळ्यात सगळ्यात जाड कादंबरी कपाटातून गेली. मामांचं तत्त्वज्ञान त्या दिवशी मला पहिल्यांदाच रजेवर गेलेलं दिसलं. "चोर! हरामखोर! हात तोडले पाहिजेत!" न्हावी म्हणाला, "गुरुजी, आधी त्याची दहा पानं वाचा की." मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उरलेली दाढी करायला निघून गेला. मला घेऊन मामा पोलीस चौकीत गेले. जमादाराने शांतपणे विचारलं, "कशाबद्दल हाय बुक?"

"दरोडेखोराबद्दल."

"मंग तो पळाला तर रिपोर्ट काहून लिहू? तुमच्या बुकात तो पळतोच की."

चौथ्या दिवशी कडुलिंबाखाली माणसं जमली होती. सटवाजी आले, घोंगडीच्या घडीतून जाड कादंबरी काढली आणि सगळ्यांसमोर मामांच्या पुढ्यात ठेवली.

"तुमचं बुक, गुरुजी. मीच नेलतं. नात कळमनुरीला शिकून राहिली, ती आलती. म्हणलं, आपल्या पोरीकडून शेवटलं वाचून घ्यावं."

मामांनी पुस्तकाला हातच लावला नाही. श्रोत्यांतला एकजण पुढे सरकला. "मंग, बाबा? सुटला का?"

सटवाजींनी चाती काढली, एक फेरा दिला, मग थांबवली. मामांकडे बघत म्हणाले, "कुठलं रे. वाळवीनं खाल्लेलंच हाय. गुरुजी बराबर सांगत व्हते." आणि चाती पुन्हा फिरवत, "पण घोडा चांगला व्हता."

माणसं पांगल्यावर मामांनी पुस्तक उघडलं. शेवटचं प्रकरण शिवलेलंच होतं, पण मामांचा पांढरा दोरा नव्हता. काळ्या लोकरीचे टाके होते, घोंगडीच्या काठाला घालतात तसे जवळजवळ, घट्ट. मामांनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "ह्याची दहा पानं तर मला पाठ होती रे," ते म्हणाले, "तरी मी चौकीत गेलो."

दोघांत त्यावर कधी बोलणं झालं नाही. वाचन चालू राहिलं, मामा ऐन वेळी पुस्तक मिटत राहिले आणि सटवाजी "मंग सुटला का, गुरुजी?" विचारत राहिले. आधी ते स्वतःसाठी विचारायचे. नंतर मामांसाठी विचारत असावेत असं मला वाटतं.

आता दोघंही नाहीत. वाचनालयाला नवी इमारत झाली, तिच्यावर नाव कपाटवाल्याच्या मुलाचं आहे. जुनी पुस्तकं काढून टाकायची म्हणाले, तेव्हा मी तेवढी जाड कादंबरी मागून आणली. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली आणि माणसांविषयी फारशा भाबड्या कल्पना बाळगल्या नाहीत. त्या प्रकरणात काय होतं हे मला न उघडताही सांगता येईल. परवा पाहिलं तर लोकरीला एका टोकाला कसर लागली होती आणि दोन पानांमध्ये फट पडली होती. आतलं काही दिसण्याआधी मी पुस्तक मिटलं, बायकोकडून सुई-दोरा मागून घेतला आणि त्या जागी एक टाका घातला. माझा टाका तर मामांपेक्षाही वाकडा आला आहे.