मेंढरांना दिलेली वाट

सूर्यभान मेंढपाळाच्या घरात जन्मला, पण त्याच्या हातात काठीऐवजी स्टिअरिंग आलं. औरंगाबादला नवे कारखाने उभे राहत होते. चिकलठाण्याला विमानानं उतरलेल्या पाहुण्यांना तो आपल्या अॅम्बेसेडरमधून वेरूळ दाखवून आणायचा. एका कारखान्याला अशा पाहुण्यांसाठी कायमची गाडी लावायची होती. अट एकच: चालकाच्या चुकीनं कधी अपघात झालेला नको. सूर्यभानचं नाव जवळजवळ ठरलं होतं.

त्या दिवशी पाहुण्यांना वेरूळला सोडून तो परतत होता. शेजारी बायको, सारजाबाई. घृष्णेश्वराच्या दर्शनाला म्हणून आलेली. वळणावर समोरून एक ट्रक चुकीच्या बाजूनं आला, गाडीचं तोंड चेपून तसाच निघून गेला. दोघांना लागलं नाही.

मग मागून मेंढरं आली. मुंजाबा नावाचा म्हातारा धनगर कळप घेऊन गोदावरीकडं, इकडच्या बोलीत गंगेकडं, निघाला होता. गाडी रस्त्यात आडवी. कळप तुंबला, कोकरं पायांखाली येऊ लागली, आणि वळणामागून दुसरा ट्रक कधीही आला असता. सूर्यभानला ना पोलीस आठवले, ना विमा. आधी मेंढरांना वाट द्यायची, हे त्याच्या अंगातच होतं. त्यानं आणि मुंजाबानं गाडी ढकलली. ती उतारानं खाली गेली आणि एका बाभळीला जाऊन भिडली.

"हिला दूध नाय, लोकर नाय," मुंजाबा धापा टाकत म्हणाला. "पाळली कशापायी रं?"

त्याही स्थितीत सूर्यभान हसला. कळप पुढं गेला. फुटलेल्या काचा, टायरच्या खुणा, सगळं खुरांनी मिटवलं.

शहरात तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघत होते, विरोधातले बंदही होत होते. पोलीस ठाण्यातली माणसं बंदोबस्तात अडकलेली. पंचनाम्याला पोलीस पोचले तेव्हा बराच उशीर झाला होता. त्यांना बाभळीला भिडलेली गाडी दिसली. सूर्यभाननं ट्रकचं सांगितलं, पण त्यांनी दिसलं तेवढंच लिहिलं.

विमा कंपनीच्या ऑफिसात केशवराव नावाचे मऊ बोलणारे अधिकारी होते. त्यांनी नवरा-बायकोचं सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं असेल हो, सूर्यभान. पण पंचनामा बाभळीचा आहे. ट्रकचा नंबर?"

"दिसला नाय, साहेब."

"साक्षीदार?"

"मुंजाबा."

"त्याचा पत्ता?"

सूर्यभाननं खिडकीबाहेर हात केला. "आता गंगेच्या काठी असंल. नायतर पार पुढं."

"मी व्हते की गाडीत!" सारजाबाई म्हणाली.

"बाई, बायकोची साक्ष नवऱ्याच्याच बाजूची धरतात."

"मग काय म्हशीची आणू?"

केशवराव हसले, आणि लगेच गंभीर झाले. "ऐका. गाडी तुमच्या हातून सुटली आणि बाभळीवर आदळली, असं लिहून द्या. तुमची चूक असली तरी दुरुस्तीचे पैसे मिळतील. ट्रकचं सांगत बसलात तर जबाब पंचनाम्याशी जुळणार नाही, आणि काहीच मिळणार नाही."

"पण माझी चूक नव्हती, साहेब."

"ते मला पटतंय. कागदाला पटत नाही. आणि एक लक्षात ठेवा, इथून पुढं सगळीकडं हेच सांगायचं. दोन ठिकाणी दोन गोष्टी निघाल्या तर तुमच्यावरच बालंट."

गाडीशिवाय घर चालणार नव्हतं. सूर्यभाननं सही केली.

गाडी दुरुस्त होऊन आली. नव्या रंगाचा पत्रा जुन्याशेजारी परक्यासारखा दिसायचा. काही दिवसांनी अपघाताचं विचारायला कारखान्यातून बोलावणं आलं. सारजाबाई हट्टानं सोबत गेली, फाटकाबाहेर गाडीत थांबली. "तिथं तरी खरं सांगा," तिनं बजावलं होतं.

तो परत आला आणि गाडी सुरू न करताच बसून राहिला.

"काय झालं?"

"चहा पाजला त्यांनी. गाडी दुसऱ्याची लावणार हायेत."

"ट्रकचं सांगितलं का नाय?"

"जे लिहून दिलंय तेच सांगितलं."

"अवो, मला तरी बोलवायचं! मी डोळ्यांनी बघितलंय सगळं."

सूर्यभाननं किल्ली फिरवली. इंजिनाच्या आवाजात तो तिच्याकडं न बघता म्हणाला,

"त्यांनी इचारलं, बायको व्हती ना गाडीत, ती काय म्हणती. मी म्हणलं, तिला झोप लागली व्हती."