नको म्हणजे नको

सबंध सातारा-सांगली पट्ट्यात ‘नको’ या शब्दाचा अर्थ ‘नको’ असाच घेणारं एकच माणूस मला आयुष्यात भेटलं, ते म्हणजे आमच्या इंग्रजीच्या बाई. आमच्याकडे पाहुणा पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा म्हणतो ते घरच्यांचा जीव किती आहे ते बघायला, आणि तिसऱ्यांदा विचारेपर्यंत तो हात धुऊन ताटावर बसलेलाच असतो. बाईंना हे अजिबात पटत नसे. माणसानं एकदा सांगितलं की ते खरं मानायचं, पुन्हा विचारणं म्हणजे त्याला खोटं पाडणं, असं त्या म्हणत.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. विद्यापीठानं एम.ए.च्या मराठी-हिंदीवाल्यांना ‘व्यावहारिक इंग्रजी’ असा एक पेपर लावला होता आणि सांगलीच्या आमच्या कॉलेजात तो शिकवायला बाई होत्या. वर्गात आम्ही नऊजण. ओव्या आणि दोह्यांवर तासभर बोलू, पण पोस्टाचं तिकीट इंग्रजीत मागायचं म्हटलं की घशाला कोरड. बाईंची पद्धत अशी, की जे बोलायचं ते करूनही दाखवायचं. खिडकी म्हणजे पोस्ट, टेबल म्हणजे बँक, आणि दाराबाहेरचा व्हरांडा म्हणजे लंडन. ‘पाहुणचार’ हा धडा आला तेव्हा त्यांनी माधवनगरच्या घरून सिटी बसनं चहाचा थर्मास आणि सहा कपबश्या पिशवीतून आणल्या. पहिला कप औंधच्या माझ्या मित्रापुढे धरून त्यांनी इंग्रजीत विचारलं, चहा घेणार का? मित्र चांगल्या घरचा. त्यानं लाजून ‘नो, थँक यू’ म्हटलं आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसला. बाई “व्हेरी गुड!” म्हणाल्या आणि कप पुढे घेऊन गेल्या. मित्र माझ्या कानाशी कळवळला, “आरं, खरंच न्हेला की रं च्या!” त्या दिवशी नऊपैकी सातजण बिनचहाचे राहिले आणि सातहीजणांना पैकीच्या पैकी मार्क पडले.

‘हाऊ आर यू’चंही तसंच. तासगावकडच्या एका मुलीनं या प्रश्नाला आईचे गुडघे, म्हशीचं आटलेलं दूध आणि स्वतःची सर्दी असं सविस्तर उत्तर दिलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “वाक्यं बरोबर आहेत. पण उत्तर ‘फाइन, थँक यू’ एवढंच. विचारणाऱ्याला याहून जास्त वेळ नसतो.” त्यांना स्वतःला कुणीही, कधीही विचारलं, तरी त्या फाइनच असायच्या. एकदा पाय मुरगळून लंगडत आल्या तेव्हासुद्धा फाइनच होत्या.

वर्गाबाहेरही बाई व्यावहारिक इंग्रजीतच जगत. माधवनगरच्या स्टॉपवर दुसरं कुणी नसलं तरी त्या खांबापासून रांग धरून उभ्या राहत. कंडक्टरनं सुट्टे परत दिले की त्याचे आभार मानत, आणि तो बिचारा कमी-जास्त काही दिलं की काय म्हणून नोटा पुन्हा मोजत बसे. लग्नाची पत्रिका आली आणि जमणार नसलं, तर येऊ शकत नसल्याचं कार्ड त्या रीतसर टाकत. आमच्याकडे पत्रिकेला उत्तर पाठवायची चाल कुठं आहे? एका मुलीचे वडील ते कार्ड हातात धरून कॉलेजात धावत आले. “आवं बाई, आमचं काय चुकलं का? मानपानात काय ऱ्हायलं का?” बाईंनी त्यांना पाणी दिलं, पण लग्नाला गेल्या नाहीत.

पुढे मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायला लागलो आणि बाईंच्या समोरच्या खुर्चीवर बसू लागलो. बाई एकट्या राहत, माधवनगरात गिरणीमागच्या चाळीतल्या दोन खोल्यांत. सख्खा म्हणावा असा एक भाऊ, तो साताऱ्याला. दर दिवाळीला मी त्यांना फराळाला बोलवायचो. त्या म्हणायच्या, “नो, थँक यू. व्हेरी काइंड ऑफ यू.” आणि मग क्षणभर माझ्याकडे बघत राहायच्या. मी त्यांनी शिकवल्याप्रमाणे मान लववून निघून जायचो. अशी सहा वर्षं, सहा दिवाळ्या. बाईंचा सगळ्यात चांगला विद्यार्थी मीच होतो.

सातव्या वर्षी माझी आई कोरेगावकडच्या आमच्या गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली, ती माझ्याकडेच राहिली. बाई बिस्किटांचा पुडा घेऊन तिला बघायला आल्या. जेवायची वेळ होती. आई म्हणाली, “चार घास खाऊन जावा.” बाई म्हणाल्या, “नको.” “नगं कसं? भाकरी गरम हाय.” “खरंच नको.” मी बाईंच्या मदतीला धावणार, तेवढ्यात डोळ्याला पट्टी बांधलेल्या आईनं चाचपडत त्यांचं मनगट धरलं. “खरंच नगं तर खोटं खोटं जेवा. पर बसा हितं.” बाई बसल्या. दोन भाकऱ्या, भरीत आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी मान खाली घालून खाल्ली. बोटं चाटली.

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. त्या म्हणाल्या, “तुझ्या आईनं तीनदा विचारलं रे.”

मी म्हणालो, “बाई, दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं ते बरोबरच होतं,” बाई म्हणाल्या. दोन पायऱ्या उतरून थांबल्या. “पण इंग्रजीचा तास पन्नास मिनिटांचाच असतो.”

सहा वर्षं त्या क्षणभर कशासाठी थांबत होत्या, ते मला त्या जिन्यात कळलं.

त्याच उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या आणि साताऱ्याला भावाच्या घरी, वरच्या मजल्यावर राहायला गेल्या. दिवाळीआधी मी त्यांना पत्र टाकलं, फराळाला या. कार्ड आलं, ‘नो, थँक यू.’ आता मी शहाणा झालो होतो. दुसरं पत्र टाकलं. पुन्हा ‘नो, थँक यू’ आलं, पण खाली बारीक अक्षरात, मराठीत दोन ओळी होत्या : ‘आईंचा डोळा कसा आहे? साताऱ्याहून सकाळची पहिली गाडी सांगलीत किती वाजता पोचते?’

मी लगेच स्टँडवर गेलो. चौकशीच्या खिडकीपाशी उभं राहून सगळ्या गाड्यांच्या वेळा उतरवून घेतल्या, कऱ्हाडला बदलायच्या गाड्यासुद्धा, आणि डोळा छान असल्याचं लिहून उलट टपाली पाठवून दिल्या. घरी येऊन आईला मोठ्या कौतुकानं सांगितलं. आठवड्यानं फराळ करताना आई म्हणाली, “आन् या म्हणून लिवलंस न्हवं?”

“दोनदा लिहिलं होतं की.”

“ह्या बारीला?”

या वेळी मी नुसत्या वेळा लिहिल्या होत्या. दिवाळी दोन दिवसांवर आली होती, आता आणखी एक पत्र पोचणं शक्य नव्हतं. पहिली गाडी साडेनऊला यायची. दिवाळीचे चारही दिवस आई साडेनऊच्या सुमाराला दारात जाऊन बसे आणि रिक्षा वाजली की मला हाक मारी. बाई आल्या नाहीत. दिवाळी संपल्यावर कशाचं निमित्त करून बोलवावं ते मला सुचेना, आणि माझ्या आईला निमित्त लागत नसलं तरी लिहिता येत नव्हतं.